कोकोची दाढी

“चाटू नकोस,” आर्ची ग्रिम्स म्हणाला. “जेवढं चाटशील तेवढी दाढी कमी होईल.”

विल्फ पेनहेलने जीभ आत घेतली. आर्चीने कोकोत बुडवलेलं बोट पुन्हा एकदा त्याच्या गालावरून फिरवलं आणि डोळे बारीक करून पाहिलं. ‘वेदरबी’ या विनाशिकेच्या पुढच्या खोलीतले सगळे खलाशी हातातली कामं टाकून त्या दाढीभोवती जमले होते.

“लांबून बरी दिसते,” कोणीतरी म्हणालं.

“किती लांबून?”

“किनाऱ्यावरून.”

ब्रिटिश आरमारात दाढी वाढवायची तर आधी अर्ज करावा लागतो. नुसती मिशी चालत नाही. ठेवायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. सहा आठवड्यांनी कप्तान जातीने बघतो. रान भरलं असेल तर ठेव म्हणतो, नसेल तर त्याच दिवशी वस्तरा. विल्फचे सहा आठवडे आज भरले होते. कानांजवळ थोडी, हनुवटीवर थोडी, आणि मधे नुसता माळ.

“आपल्या म्हाताऱ्या कप्तानाला नाही कळायचं,” आर्ची धीर देत म्हणाला. “नाताळात टॉर्पेडो आपल्या जहाजाखालून गेला ना, त्या पहाटे घाईत त्याने एक काळा आणि एक तपकिरी बूट चढवला. तेव्हापासून आजतागायत तसेच घालतोय. त्याला रंगच दिसत नाहीत गड्या. तुझा कोको काय दिसणार?”

सगळे हसले. विल्फला हसू येईना. उद्या पहाटे ‘वेदरबी’ मालवाहू जहाजांना सोबत करत, जर्मन पाणबुड्या चुकवत रशियातल्या मुर्मान्स्कला निघणार होती, आणि वस्तऱ्याचं नाव काढलं तरी त्याच्या पाचावर धारण बसत होती. दाढीची त्याला हौस नव्हती. उलट ती रात्रंदिवस खाजत होती. पण ती गालावर आहे तोवर या जहाजाला काही होणार नाही, असं त्याच्या मनाने घेतलं होतं, आणि मनाने घेतलं की घेतलं.

दहाच्या ठोक्याला अर्जदार डेकवर रांगेत उभे राहिले. स्कापा बंदरातल्या वाऱ्याने सगळ्यांची नाकं लाल केली होती. छोट्याशा टेबलामागे कप्तान, त्याच्या बाजूला जाडजूड वही घेऊन खलाशांचा मुकादम, कॉक्सवेन लेथब्रिज. लेथब्रिज जहाजावरचा सगळ्यांत जुना खलाशी, आणि त्याला हसताना पाहिल्याचं कोणी सांगत नसे.

“पेनहेल. टोपी काढ. दाढीची तपासणी, साहेब,” लेथब्रिजने पुकारलं.

विल्फने टोपी काढली. कप्तान टेबलाला वळसा घालून जवळ आला. त्याने विल्फच्या गालावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि अगदी शांतपणे ते जिभेला लावलं.

“साखर कमी पडली,” तो म्हणाला.

रांगेत मागे उभ्या असलेल्या आर्चीला जोराचा खोकला आला.

“पुसून टाक.”

विल्फने बाहीने गाल पुसले. उरलेली दाढी कप्तानने इकडून पाहिली, तिकडून पाहिली. त्यात जे काही केस होते, तेही वाऱ्याने आडवे झाले होते.

“नाही रे,” कप्तान म्हणाला, आणि त्यालाही वाईट वाटल्यासारखं दिसलं. “ही काही दाढी नव्हे. आज उतरवावी लागेल.”

“उतरवतो, साहेब. फक्त न्हाणीघरात नको. दुसरीकडे कुठेही.”

“का? न्हाणीघराला काय झालं?”

विल्फची मान खाली गेली. “मी आधी ‘वॉर्डली’वर होतो, साहेब.”

‘वॉर्डली’ कोणाला माहीत नव्हती? ‘वेदरबी’सकट एकाच आराखड्यावर बांधलेल्या आठ बहिणींपैकी ती एक. आठांतल्या तीन, त्यांत ‘वॉर्डली’ही, आता समुद्राच्या तळाशी होत्या.

“सगळं हुबेहूब तसंच आहे,” विल्फ म्हणाला. “तोच नळ, आरसाही त्याच जागी. मी तिथे दाढी करत होतो, साहेब. अर्धी झाली होती. साबण तोंडावर तसाच, आणि मी पाण्यात. आता त्या आरशासमोर उभा राहिलो की वाटतं, वस्तरा लावला की हेही जहाज जाईल.”

विल्फची नजर अजून खालीच होती. समोर कप्तानचे बूट होते, डावा काळा, उजवा तपकिरी. दोन्हींना आज सकाळीच पॉलिश केलेलं होतं, काळ्याला काळं आणि तपकिरीला तपकिरी.

विल्फने मान वर केली. कप्तानही खाली स्वतःच्या बुटांकडेच बघत होता.

“कॉक्सवेन,” कप्तान म्हणाला, “नियमाप्रमाणे माझे बूट कोणत्या रंगाचे हवेत?”

“काळे, साहेब.”

“दोन्ही?”

“दोन्ही, साहेब.”

“हं.” कप्तान टेबलामागे गेला. “मग लिहा. पेनहेलची दाढी आणि कप्तानचे बूट, दोन्हींची तपासणी मुर्मान्स्कहून परत आल्यावर.”

लेथब्रिजने पेन उघडलं. त्याचा चेहरा नेहमीसारखाच दगडी होता.

“परत आल्यावर, साहेब?”

“परत आल्यावर. ठळक लिहा.”