डाव्या हाताची गोधडी

सुरुचीताईंच्या कापडावरच्या मोराला भारतीताईंनी स्वतःहून मान काढून दिली, तेव्हा त्यांच्या मनातला हिशोब पक्का होता. एका मानेच्या बदल्यात सुरुचीताईंचा उन्मेष हाती लागणार होता. पस्तिशीचा, शांत, अंबरनाथला नोकरी. आणि मुख्य म्हणजे घर कात्रपमध्येच, दोन गल्ल्या सोडून. अशा घरी राही दिली, तर ती दिल्यासारखी दिसली असती आणि गेलीही नसती.

राही त्यांची एकुलती एक, तेहतीस वर्षांची. पुण्याचं स्थळ आलं तेव्हा भारतीताईंना चक्कर आली होती. नाशिकच्या वेळी छातीत धडधडलं. बंगळूरचा मुलगा तर त्यांनी फोटोतही पाहिला नाही. नुसतं गावाचं नाव ऐकून अंथरूण धरलं. नवरा गेल्यापासून त्यांना शेजारी कुणी असल्याशिवाय झोप लागत नसे, आणि ते कुणी म्हणजे राही. पण आता लोक विचारू लागले होते. राही तर स्थळाचं नाव काढलं की उठून भांडी घासायला जायची. म्हणून हस्तकला सप्ताहाच्या यादीत सुरुचीताईंचं नाव दिसताच भारतीताईंनी त्याखाली आपलं घातलं.

पलीकडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पहिले तीन दिवस गोधडी झाली. सप्ताह भरवणाऱ्या जिज्ञासानं उल्हासनगरहून, कॅम्प दोनमधून, पोतंभर कात्रणं आणली होती. शिकवायला बारवी धरणाकडच्या वाडीवरून सुंदराबाई येत. पुढचे तीन दिवस कापडावर चित्रं. सहा दिवसांत सुरुचीताईंना सुईत दोरा ओवावा लागला नाही, की ब्रश धुवावा लागला नाही.

"अहो, किती कराल माझं!" त्या म्हणायच्या.

"त्यात काय, आपलंच समजून करते," भारतीताई म्हणायच्या, आणि ते अक्षरशः खरं होतं.

मुलीचा विषय मात्र त्यांनी राखून ठेवला होता. मुलगी आहे म्हटलं की मुलाची आई सावध होते. तो काढायचा सातव्या दिवशी, सहलीला, जेवणं झाल्यावर, पाय पसरल्यावर.

सातव्या दिवशी बारवीच्या वाटेवरच्या आमराईत जेवणं झाली. सुरुचीताईंनी पिशवीतून घरची गोधडी काढून अंथरली. "बसा भारतीताई, आधी तुम्ही."

सुंदराबाई जवळ आल्या. त्यांनी गोधडीवरून तळहात फिरवला. "ही डाव्या हातानं शिवलीय. टाक्यांच्या रांगा बघा, सगळ्या उलट्या फिरल्यात. पण हात लय निगुतीचा हाय."

भारतीताईंनी पाहिलं. राही लहानपणी डाव्या हातानं लिहायची म्हणून तिच्या हातावर पट्टी त्यांनीच मारली होती. लिहिणं उजव्या हातावर आलं, सुई डाव्यातच राहिली. गोधडीच्या मधोमध अंजिरी काठ होता, त्यांच्याच साडीचा. ती साडी बोहारणीला दिली असं राहीनं सांगितलं होतं. बदल्यात आलेलं पातेलंही दाखवलं होतं.

"कुणी शिवली हो?" त्यांनी विचारलं.

"उन्मेषच्या ओळखीची एक मुलगी," सुरुचीताई म्हणाल्या. "चार वर्षं झाली. यानं लग्नाचं विचारलं, तर तिनं ही हातात दिली आणि म्हणाली, जमणार नाही. का, तर आई! लग्नाचा विषय निघाला की आई आजारी पडते म्हणे. मला नावही सांगत नाही तिचं. मी जाऊन भांडेन म्हणून."

"काय नग असेल हो ती आई!" जिज्ञासा म्हणाली. "हौशी नाटकात घ्या कुणीतरी तिला."

बायका डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. भारतीताईही हसल्या, न हसून चाललं नसतं.

"हसू नका गं. माझा वेडा अजून थांबलाय. म्हणतो, त्या बाईनं स्वतःच्या तोंडानं एकदा हो म्हणू दे, उद्या लग्न करतो. मी तर पायघड्या घालीन. पण तिचं तोंड एकदा बघायचंय मला."

हो म्हणायलाच तर भारतीताई सात दिवस येत होत्या. शब्द जिभेवर तयार होता. तो उच्चारला की दहा बायकांची तोंडं त्यांच्याकडे वळली असती, एवढंच.

"तुमचं काय हो, भारतीताई?" जिज्ञासानं विचारलं. "आठवडा झाला, घरचं काही बोलला नाहीत. मुलंबाळं?"

भारतीताईंनी गोधडीवरची एक सुरकुती तळव्यानं काढली. ती निघाल्यावर आणखी एकदा काढली.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी एकटीच."

सगळ्या हळहळल्या. सुरुचीताईंनी त्यांचा हात हातात घेतला, डब्यात राहिलेला शेवटचा लाडू त्यांना दिला आणि गोधडीवर सरकून ऐसपैस जागा करून दिली. एका शब्दात भारतीताईंना एवढं सगळं मिळालं. त्याची किंमत मोजली ती राहीनं. ती तेव्हा घरी आईच्या आणि आपल्या अंथरुणावरची चादर बदलत होती.