बापाच्या वावरातली माती

त्या साली अख्ख्या शिरड शहापुरात हळद कंदकुजीनं सडली, पद्माबाईची तेवढी वाचली. माती तपासून आणल्यावर कृषी सहायक म्हणाले, "मावशी, तुमच्या मातीतले जिवाणू हळदीच्या मुळांना बिलगून राहतात, रोगाच्या बुरशीला जवळ फिरकू देत नाहीत. कुठून आणले?"

"लग्नात बापानं त्याच्या वावरातली टोपलंभर माती दिली व्हती. म्हणे, बेणं हिच्यात घोळून लाव. भाऊ लई हसला व्हता."

आठ दिवसांनी माहेराहून, कनेरगावहून, भाऊच आला. औषधं ओतून ओतून बापाचं वावर मेलं होतं, त्याचीही हळद सडली होती. माती मागायची लाज वाटून तो बांधावरच बसला.

पद्माबाईनं वावरातली माती टोपल्यात भरली, मातीचा हात कपाळाला लावला.

"ने भाऊ. बापानं तुझ्यासाठीच माझ्याजवळ ठेवायला दिली व्हती."