आडवी फट

दोघा भावांना समुद्रकाठचे युद्धकाळातले बंकर हिंडून बघायचं वेड होतं. त्यातल्याच एका बंकरच्या भिंतीतली आडवी फट मशीनगनसाठी होती की टेहळणीसाठी, यावरून त्यांचं असं काही वाजलं, की वर्षभर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. घरं एकाच गल्लीत, पण बोलणं उरलं ते फक्त जावाजावांचं.

त्या रविवारी थोरला त्याच बंकरमध्ये एकटा टेपशी झटत फटीचं माप काढत होता. बायको बाहेर तोफेच्या चौथऱ्यामागे वाऱ्याला बसली होती. तेवढ्यात धाकटा सपत्नीक आला.

"आत कुणी नाही, जा तुम्ही," त्याची बायको म्हणाली.

तो आत शिरला आणि मागे लोखंडी दार धाडकन बंद झालं. ढकलून ढकलून दोघे दमले. मग थोरला पुन्हा टेप घेऊन फटीकडे वळला.

"दादा, टेपचं दुसरं टोक धरू का?"

"धर. पण फट टेहळणीचीच आहे."

"आधी माप तर घेऊ."

तासाभराने दार एकदाचं उघडलं, तेव्हा दोघे खांद्यावर हात टाकून बाहेर आले. फटीचा निकाल लागला नव्हता. पण दार समुद्रावरच्या वाऱ्यानेच बंद झालं, यावर त्यांचं एकमत झालं होतं. वाऱ्याची दिशा, दाराचं वजन, सगळं त्यांनी बायकांना हातवारे करून नीट समजावलं.

दोन्ही जावांनी गंभीरपणे मान डोलावली आणि तळहातांना लागलेला दाराचा गंज हळूच एकाच रुमालाला पुसला.