ब्लाऊजपिसांचा पडदा

आईला पलंगावर पडून समुद्र पाहायचा होता. क्रूझचं परवडेल असं तिकीट बिनखिडकीच्या खोलीचंच होतं. तिला सांगणार, तोवर ती ओटीत आलेले ब्लाऊजपीस जोडून तिथल्या खिडकीसाठी पडदा शिवायला बसली. “समुद्रात ऊन लय लागत असन,” म्हणाली. आजारपणात तेवढंच काम तिला उठवून बसवायचं, म्हणून गप्प राहिले. पडदा पूर्ण झाला आणि आई गेली. तिकिटं परत होत नव्हती. कारंज्याहून मी आणि बाबाच निघालो. जहाजावरच्या खोलीत शिरताच बाबांनी पिशवीतून पडदा काढला. “खिडकी कुठी हाय वं?” “खिडकीच नाही, बाबा. सस्ती खोली हाय.” मग भिंतीवरच्या खुंट्यांना त्यांनी पडदा बांधला. एसीच्या वाऱ्यानं तो उडाला, मागची भिंत दिसली. बाबांनी झटकन कड धरली. “एसी बंद कर. तुह्या मायले मालूम पडन.”