मीठ दे म्हणावं

दिवसभर ऑफिसातल्या संगणकांच्या केबली जोडून सून जेवायला बसली. समोर बाप-लेकांचा अबोला होताच.

"त्याला म्हणावं, मीठ दे."

"त्यांना सांग, त्यांच्या हाताशीच आहे."

तिचं डोकं उठलं. तेवढ्यात सासऱ्यांनी तिच्या पिशवीतल्या यंत्राकडे बोट दाखवलं. "हा तुझा ब्रिज का गं?"

"नाही, स्विच. ब्रिज दोघांच्या मध्ये उभा राहून याचं त्याला, त्याचं याला पोचवत बसतो. स्विच एकाच वेळी कितीतरी जणांना सांभाळतो, ज्याचा निरोप त्यालाच देतो. पण फार तापले ना बाबा, की दोन्ही बंद पडतात!"

ताट उचलून ती तरातरा आत गेली.

बाहेर सासरे चक्क मुलाला म्हणाले, "अरे, हिला झालं तरी काय?"

"काय माहीत, बाबा. आधी अशी नव्हती."