नाकाला रकाना नाही

बचाव पथकाची गाडी नदीच्या मधोमध बंद पडली आणि मिस्त्रीची ताई गेली. पण ते असू द्या. असं काही झालंच नाही असं धरून चालू, कारण गाडीला नळ्या बसवल्या त्या सकाळी ताई धडधाकट नसली तरी चांगली तोंडाळ होती, आणि शेडमध्ये पालथ्या डब्यावर बसून धाकट्या भावाच्या चुका काढत होती.

"बारक्या, गाडीला नळ्या कसल्या लावतोस? दवाखान्यात मला लावतात तशा?"

बारक्या सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि गाडीखाली आडवा होता.

"ॲक्सलपण श्वास घेतो, ताई. चालून तापला की आतली हवा बाहेर सोडतो. तसाच गार पाण्यात घुसला की आत ओढतो. नाक पाण्याखाली असलं तर हवेऐवजी नदी ओढतो. मग तेलाचं होतं पांढरं पाणी आणि गिअर खातात माती. म्हणून नाक वर आणायचं."

"म्हणजे गाडी तुझ्यापेक्षा हुशार. तुला पोहायला शिकताना तोंड मिटायचं एवढंही कळत नव्हतं."

पूल कोसळून तीन महिने झाले होते. नव्या पुलाचं काम जोरात होतं. फलकाचा रंग वाळला होता. डायलिसिसचं यंत्र पलीकडच्या काठावर होतं आणि ताई अलीकडच्या. दिवसाआड तिला कमरेएवढ्या पाण्यातून नेणारी ही एकच गाडी, आणि तिचे ॲक्सल मिस्त्रीने दोनदा उघडून धुतले होते. तिसऱ्यांदा ते टिकणार नव्हते. म्हणून कोणी न सांगता त्याने चार नळ्या बसवल्या: दोन्ही ॲक्सलना एकेक, गिअरबॉक्सला एक, ट्रान्सफर केसला एक. सगळ्या वर बॉनेटखाली आणल्या, धूळ पडू नये म्हणून टोकं छत्रीच्या मुठीसारखी खाली वाकवली. काम इतकं देखणं झालं की ताईने बराच वेळ नावं ठेवायला जागा शोधली, आणि सापडली नाही तेव्हा ती त्याच्यावरच रागावली.

गाडीत बदल केला की नवं प्रमाणपत्र लागतं. दुपारी तपासणीला साहेब आले. साहेब वाईट नव्हते. त्यांच्याकडे फक्त फॉर्म होता.

"रकाना सतरा. यंत्रणेची सर्व उघडी तोंडे बंद आहेत काय?" साहेब बॉनेटखाली वाकले. "ही चार उघडी दिसतात."

"ती उघडीच पाहिजेत, साहेब. नाक आहे ते."

साहेबांनी फॉर्म वरून खाली वाचला. उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. अगदी मनापासून पाहिली.

"नाकाला रकाना नाही, मिस्त्री."

"मग 'नाही' लिहा."

"लिहितो. मग गाडी शेडमध्येच राहील."

दुसऱ्या दिवशी ताईच्या डायलिसिसची पाळी होती. मिस्त्रीने साहेबांकडे पाहिलं, मग ताईच्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं, आणि रबरी बुचं आणून स्वतःच्या हाताने चारही नळ्या बंद केल्या. साहेबांनी त्यांवर तार गुंडाळून शिशाची मोहर मारली. मोहर तुटली की प्रमाणपत्र रद्द. शेडचा पहारेकरी रोज सकाळी मोहरा मोजणार होता.

"नाक दाबलंस की रे बिचारीचं," ताई म्हणाली.

"आठवडाभर तग धरेल. तोवर वरून परवानगी आणतो."

वरून परवानगी आली नाही, अर्ज मिळाल्याची पोच आली. मिस्त्रीने दुसरा अर्ज केला. त्याचीही पोच आली. इकडे ॲक्सल तापायचा, कोंडलेली हवा वाट काढायची आणि तेल अडवणारी रबरी ऑइल सीलं फाडायची; मग पाण्यात गार पडला की त्याच फटीतून तो नदी प्यायचा. मिस्त्रीने सीलं बदलली. परत फाटली. परत बदलली. एक दिवस गोदामातली सीलं संपली, आणि अर्जाची तिसरी पोच आली.

त्या दिवशी निघताना चालकाने नेहमीप्रमाणे रजिस्टरमध्ये दोन्ही वेळा भरून टाकल्या. रजिस्टर शेडमध्येच राहायचं, ते काही नदी ओलांडायचं नाही. मग पोचल्याची वेळ लिहिणार कधी? नऊला निघाली. नऊ चाळीसला पोचली. प्रवासी एक. सही.

नऊ वीसला मधल्या धारेत मागचा ॲक्सल जाम झाला. वरच्या धरणाचे दरवाजे सकाळीच उघडले होते. चालकाला पोहता येत होतं.

गाडी तिसऱ्या दिवशी, दोन वळणं खाली सापडली. मोहरा चारही शाबूत होत्या. ताई सापडली नाही.

चौकशी साहेबांकडेच आली. त्यांनी मिस्त्रीला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हळू आवाजात समजावलं. "मोहरा शाबूत, म्हणजे पाणी आत गेलेलं नाही. पाणी गेलेलं नाही, म्हणजे गाडी बंद पडलेली नाही. रजिस्टरही तेच सांगतं. नऊ चाळीस."

"आणि माझी ताई?"

साहेबांनी ओळीवर बोट ठेवलं. "प्रवासी एक. पोचल्या."

मिस्त्री भांडला नाही. रडलाही नाही. त्याने साहेबांकडूनच एक कोरा कागद आणि पेन मागून घेतलं, आणि त्यांच्याच टेबलावर, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'महोदय, आपल्या कार्यालयाच्या नोंदीनुसार माझी थोरली बहीण गेल्या मंगळवारी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पलीकडच्या काठावर सुखरूप पोहोचलेली आहे. तिचे उपचार चार तासांचे असतात. ते एव्हाना संपले असावेत. तरी तिला त्याच वाहनाने घरी परत पाठविण्याची तजवीज व्हावी, ही नम्र विनंती.'