भंगारातून आलेलं उत्तर

"भंगारात गेलेला कॉम्प्युटर उत्तर देतो? नेटवर्कमधली तुझी चूक झाकायला थापा मारू नकोस." साहेब सगळ्यांदेखत असं म्हणाले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑफिसचं नेटवर्क नऊ वर्षं मी सांभाळतेय. तो कॉम्प्युटर मीच खोलून भंगारवाल्याला दिला होता.

"मग तुम्हीच विचारून बघा," म्हणत मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं.

एका कॉम्प्युटरने 'आहेस का?' विचारलं की दुसरा 'आहे' म्हणतो. ते उत्तर किती टप्पे, म्हणजे वाटेतली किती यंत्रं, ओलांडून आलं, तेही पडद्यावर दिसतं.

साहेबांनी विचारलं. 'आहे. टप्पे सात.'

"कोणीतरी चेष्टा करतंय," म्हणत त्यांनी पुन्हा विचारलं. टप्पे चार. मग दोन.

"हे जवळ येतंय," ते पुटपुटले.

"थापाच ना?" मी रागाच्या भरात मागची केबल उपटली आणि त्यांच्या मांडीवर टाकली. माझ्या कॉम्प्युटरला बाहेरची तेवढी एकच वाट होती. "विचारा आता."

साहेबांनी कीबोर्डवरून दोन्ही हात उचलले. ते विचारायला तयार नव्हते.

पडद्यावर नवी ओळ उमटली. या वेळी प्रश्न तिकडून आला होता.

'आहेस का? टप्पे शून्य.'